गोकाक धबधब्याची सूतगिरणी : इतिहास, वास्तू आणि ‘पहिलेपणा’चा प्रश्न

विषयप्रवेश

दख्खनच्या इतिहासाचा विचार करताना आपली नजर प्रथम किल्ले, मशिदी, मंदिरे, दर्गे आणि राजवाडे यांच्याकडे वळते. बेळगावचा किल्ला, किल्ल्यातील सफा मशीद आणि कमल बस्ती, विजापूरचा गोलघुमट ही आपल्या विद्यार्थ्यांच्या सहलींची ठरलेली ठिकाणे आहेत आणि ती असायलाच हवीत. परंतु गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या भागातील सामान्य माणसाचे आयुष्य ज्या इमारतींनी मुळापासून बदलले, त्या राजवाडे नव्हत्या. त्या गिरण्या होत्या. घड्याळाप्रमाणे उठणे, भोंग्यावर कामाला जाणे, महिन्याच्या महिन्याला पगार घेणे, शेतावर अवलंबून न राहता संसार चालविणे, या गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांना गिरणीनेच शिकविल्या. तरीही गिरणीच्या इमारतीला ‘ऐतिहासिक वास्तू’ म्हणावयास आपण अजून कचरतो.

प्रस्तुत लेखात बेळगाव जिल्ह्यातील गोकाक धबधब्याजवळच्या सूतगिरणीचा विचार केला आहे. गिरणी कशी उभी राहिली, धबधब्याच्या पाण्यावर ती कशी चालली, गिरणीची इमारत विशिष्ट आकाराचीच का असते आणि ‘आशियातील पहिली वीज येथे निर्माण झाली’ या सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या विधानाकडे इतिहासाच्या अध्यापकाने कसे पाहावे, हे चार मुद्दे येथे मांडले आहेत. तुलनेसाठी निपाणीपासून जवळच असलेल्या कोल्हापूरच्या शाहू मिलचा आधार घेतला आहे.

स्थळ आणि पूर्वपीठिका

सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहणारी घटप्रभा नदी गोकाक गावापासून सुमारे सहा किलोमीटरवर एका खडकाळ कड्यावरून खाली झेपावते. धबधब्याची उंची सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फुटांच्या आसपास आहे. कड्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा असल्याने नायगाराशी त्याची तुलना करण्याची पद्धत पडून गेली आहे. पावसाळ्यात गढूळ, लालसर पाण्याचा लोंढा आणि उन्हाळ्यात जवळजवळ कोरडा कडा अशी त्याची दोन रूपे आहेत. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे. धबधब्याजवळ चालुक्यकालीन शैलीची जुनी मंदिरे आहेत आणि नदीच्या खडकाळ पात्रावरून जाणारा सुमारे २०१ मीटर लांबीचा झुलता पूल आहे. हा पूल पात्रातील खडकापासून सुमारे १४ मीटर उंचीवर टांगलेला आहे.

गोकाक गावाचा कापडाशी असलेला संबंध गिरणीपेक्षा जुना आहे. येथे पूर्वी विणकर आणि रंगारी यांची मोठी वस्ती होती. हाताने बनविलेला जाडाभरडा कागद आणि रंगीत लाकडी खेळणी, फळे यांसाठीही गाव प्रसिद्ध होते. गोकाकची खेळणी आणि करदंट आजही लोक आवर्जून घेतात. अठराव्या शतकात काही काळ येथे सावनूरच्या नवाबांचा अंमल होता आणि त्या काळातील मशीद व गंजीखाना यांचा उल्लेख जुन्या गॅझेटियरमध्ये येतो. बेळगावला लागून असलेल्या शहापूर, वडगाव, खासबाग या वस्त्या तर हातमागासाठीच ओळखल्या जात. म्हणजे गिरणी आली ती कापडाची ओळख नसलेल्या प्रदेशात नव्हे, तर ज्या प्रदेशाच्या हाताला सुताची सवय होती अशा प्रदेशात आली.

कच्च्या मालाची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. धारवाड आणि आसपासच्या काळ्या जमिनीत कापूस पिकत होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे ‘धारवाड-अमेरिकन’ नावाने ओळखली जाणारी परदेशी बियाण्याची जात रुजली होती, तर देशी जात ज्या बंदरातून बाहेर जाई त्या कुमठ्याच्या नावाने ‘कुमठा’ म्हणून बाजारात चालत असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि या भागातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले. परंतु कापसाच्या प्रदेशातच गिरणी काढली तर काय होईल, हा विचार मात्र मागे उरला.

कंपनीची स्थापना

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ साली निघाली. तीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. या मालिकेत १८८५ साली ‘गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली आणि १८८७ मध्ये गिरणी चालू झाली. तिचा कारभार मुंबईच्या फोर्ब्स, फोर्ब्स, कॅम्बेल आणि कंपनी या व्यापारी पेढीकडे होता. या पेढीचा उगम १७६७ पर्यंत मागे जातो. जॉन फोर्ब्स नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याने मुंबईत तिचा पाया घातला होता. पुढील काळात गोकाक मिल, फोर्ब्स गोकाक आणि २००७ नंतर गोकाक टेक्स्टाइल्स अशी नावे बदलत गेली. मालकी फोर्ब्स घराण्याकडून टाटा समूहाकडे आणि त्यानंतर शापूरजी पालनजी समूहाकडे गेली.

येथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. कंपनीच्या मूळ नावात ‘कापूस’ किंवा ‘सूत’ हा शब्द नाही. ‘वॉटर पॉवर’ म्हणजे ‘जलशक्ती’ हा शब्द आहे आणि तोही आरंभीच आहे. संस्थापकांच्या डोळ्यांसमोर प्रथम धबधबा होता, गिरणी नंतर. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. तो कोळसा इंग्लंडमधून जहाजाने किंवा बंगालमधून आणावा लागे. बेळगावसारख्या आतल्या जिल्ह्यात तर त्यावर वाहतुकीचा खर्चही चढणार होता. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि त्याच दशकात या भागात मीटरगेजचे रूळ पडले. गोकाक रोड हे स्थानक याच मार्गावरचे. यंत्रे येण्याची आणि सूत जाण्याची सोय रेल्वेने झाली. पण रोजचा कोळसा आणण्यापेक्षा रोजचे पाणी वापरणे स्वस्त, हा हिशेब उघड होता.

हा हिशेब विज्ञान शाखेच्या अध्यापकांनी वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा असा आहे. दर सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे एक हजार किलो पाणी ५० मीटर उंचीवरून खाली पडले तर मिळणारी सैद्धांतिक शक्ती सुमारे ४९० किलोवॅट, अर्थात साडेसहाशे अश्वशक्तीच्या आसपास येते. टर्बाइनमध्ये आणि शक्ती वाहून नेण्यात एक चतुर्थांश वाया गेली असे धरले तरी जवळजवळ पाचशे अश्वशक्ती उरते. नदीच्या पावसाळी प्रवाहाचा एक लहानसा हिस्सा वळविला तरी गिरणी चालू शकते, ती यामुळेच.

अडचण एकच होती. पाणी बारा महिने सारखे नसते. धबधब्याच्या वरच्या अंगाला धूपदाळ येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेलेला बंधारा या दृष्टीने समजून घ्यावा लागतो. त्याच बंधाऱ्यातून गोकाक कालव्याने शेतीला पाणी मिळाले. एकाच नदीच्या पाण्यावर शेतकरी आणि गिरणी अशा दोघांचाही हक्क सांगितला जाण्याची, आज आपल्याला अतिपरिचित झालेली स्थिती या भागात तेव्हापासूनची आहे.

दोराने आलेली शक्ती आणि ‘पहिली वीज’

गोकाकविषयी लिहिणारी जवळजवळ प्रत्येक पर्यटन-पुस्तिका सांगते की १८८७ साली येथे वीज निर्माण झाली आणि ती भारतातील, काहींच्या मते आशियातील, पहिली जलविद्युत होय. विद्यार्थी हे विधान पाठ करतात आणि आपणही अभिमानाने त्याला मान डोलावतो. परंतु अभिमान आणि पुरावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

प्रथम ‘जलशक्ती’ आणि ‘जलविद्युत’ यांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. पाण्याच्या जोराने चाक किंवा टर्बाइन फिरवून ती फिरती शक्ती पट्टे, दांडे वा दोर यांच्या साहाय्याने थेट यंत्रापर्यंत नेली, तर ती जलशक्ती. त्याच टर्बाइनने जनित्र फिरवून वीज तयार केली, तर ती जलविद्युत. पहिली पद्धत जुनी आहे. रिचर्ड आर्कराइट याने इंग्लंडमध्ये क्रॉमफर्ड येथे १७७१ साली उभारलेली सूतगिरणी पाण्यावरच चालत होती आणि त्याच्या यंत्राचे नावच ‘वॉटर फ्रेम’ होते. दुसरी पद्धत १८८७ साली जगात अगदी बाल्यावस्थेत होती. अमेरिकेतील ॲपलटन येथील छोटे जलविद्युत केंद्र १८८२ चे. लाउफेन ते फ्रँकफुर्ट असा दूरवर वीज वाहून नेण्याचा प्रसिद्ध प्रयोग १८९१ चा. अमेरिकेत कोलंबिया येथे संपूर्ण कापड गिरणी विजेवर चालविली गेली ती १८९४ मध्ये. हा क्रम डोळ्यांपुढे ठेवला की १८८७ साली गोकाकची संपूर्ण गिरणी विजेच्या मोटारींवर चालली असणे संभवनीय दिसत नाही.

मग ती चालली कशी? टर्बाइने कड्याच्या पायथ्याशी, घळीत होती. पाणी नळांतून खाली उतरविले जाई. गिरणी मात्र वर, पठारावर. खाली निर्माण झालेली फिरती शक्ती वर नेण्यासाठी तारांच्या दोरांची योजना वापरली गेली. मोठ्या चाकांवरून वेगाने धावणारे पोलादी दोर शक्ती एका जागेहून दुसऱ्या जागी नेत. ही कल्पना अल्सासमधील लोगेलबाख येथे हिर्न या अभियंत्याने १८५० च्या दशकात यशस्वी केली होती. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथे ऱ्हाईन नदीची शक्ती १८६० च्या दशकात याच रीतीने कारखान्यांना पुरविली गेली. गोकाकच्या दोर-योजनेची दखल त्या काळच्या अभियांत्रिकी वाङ्मयातही घेतली गेलेली आहे. विजेच्या तारा येण्यापूर्वी शक्तीला दूर नेण्याचा हा सर्वांत धाडसी उपाय होता. विजेने तो पुढे इतक्या लवकर मागे टाकला की आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही त्याचे नाव ठाऊक नसते.

याचा अर्थ येथे जनित्र कधीच नव्हते असा नाही. धबधब्याखाली जलविद्युत केंद्र झाले आणि त्याने गिरणीला दीर्घकाळ वीज पुरविली. प्रश्न आहे तो १८८७ या सालाला ‘पहिली वीज’ हे बिरुद लावावे की नाही, हा. विजेच्या इतिहासात सामान्यपणे दार्जिलिंगजवळील सिद्रापोंग केंद्र (१८९७) हे भारतातील पहिले जलविद्युत केंद्र मानले जाते. त्यानंतर म्हैसूर संस्थानातील शिवनसमुद्र (१९०२) येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली आणि मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांचे खोपोली केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. गोकाकचे १८८७ हे साल या यादीत बसवावयाचे तर आधी ‘वीज कोणत्या कामासाठी, किती आणि कोणत्या यंत्राने’ या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या दाव्यातून वीज वजा केली तरी गोकाकचे महत्त्व कमी होत नाही. उलट ते वाढते. कोळशाच्या युगात, कोळशापासून दूर असलेल्या एका जिल्ह्यात, पडणाऱ्या पाण्यावर आधुनिक सूतगिरणी उभी करणे आणि घळीतील शक्ती दोरांनी वर खेचून आणणे हा पराक्रम स्वतःच्या पायावर उभा राहणारा आहे. त्याला उसन्या ‘पहिलेपणा’चा टेकू देण्याची गरज नाही. आपल्या सीमाभागात कोणती गोष्ट कोणाची आणि कोण आधीचे या प्रश्नांवर पुष्कळ शक्ती खर्च झाली आहे. निदान वर्गात तरी ‘पहिले कोण’ यापेक्षा ‘कसे आणि का’ हा प्रश्न आधी विचारला जावा.

गिरणीची इमारत कशी वाचावी

राजवाड्याची रचना मालकाच्या हौसेवर ठरते, गिरणीची रचना यंत्राच्या गरजेवर. म्हणूनच यंत्रे काढून नेली तरी रिकामी इमारत वाचता येते. एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही सूतगिरणीत पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट लांबी. एका ठिकाणी निर्माण झालेली शक्ती छताखालून जाणाऱ्या लांबच लांब फिरत्या दांड्याने सर्व यंत्रांना पोहोचविली जाई. दांड्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रावर उतरत. दांडा सरळ असावा लागतो, म्हणून खाते लांबट आणि काटकोनी असते. वळणावळणाची गिरणी कोठेही दिसणार नाही.

दुसरी गोष्ट खांब. ओतीव लोखंडाचे गोल, सडपातळ खांब ठरावीक अंतरावर उभे असतात. हे अंतर वास्तुशिल्पीच्या आवडीने ठरत नाही, तर सूतकताईच्या यंत्राची लांबी-रुंदी आणि दोन यंत्रांमधून माणसाला फिरण्यास लागणारी वाट यांवरून ठरते. खांब मोजून खात्यात किती साचे मावत असतील याचा अंदाज बांधता येतो. खांबांवर तुळया आणि तुळयांमध्ये विटांच्या बुटक्या कमानी असतील, तर ती आगीपासून बचाव करणारी रचना समजावी. कापसाची धूळ आणि वंगणाचे तेल एकत्र असलेल्या इमारतीला आगीचे भय सर्वांत मोठे. जुन्या गिरण्यांच्या जिन्यावर उंच पाण्याची टाकी असते तीही याच कारणाने.

तिसरी गोष्ट छप्पर. करवतीच्या दात्यांसारखे दिसणारे छप्पर हे एकमजली खात्याचे ओळखचिन्ह आहे. दात्यांची उभी बाजू काचेची असून ती उत्तरेकडे तोंड करून असते. आपल्या गोलार्धात उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर बराचसा सारखा असतो आणि थेट ऊन आत येत नाही. तुटलेला धागा डोळ्यांना दिसला पाहिजे, पण कामगाराच्या डोळ्यांवर ऊन येता कामा नये, ही गरज त्या छपराने भागविली. विद्यार्थ्यांच्या हाती होकायंत्र देऊन छपराची दिशा पाहण्यास सांगितले, तर भूगोल आणि इतिहास यांचा मेळ पाच मिनिटांत समजतो.

चौथी गोष्ट हवा. कोरड्या हवेत कापसाचा धागा तटातट तुटतो. लँकेशायरची दमट हवा सुताला मानवली, तसाच मुंबईचा समुद्रकाठही मानवला. आतल्या प्रदेशातील गिरण्यांना हवेत कृत्रिमरीत्या ओलावा सोडावा लागे. खिडक्या बंद, आत वाफ, कानठळ्या बसविणारा आवाज आणि हवेत तरंगणारा कापसाचा तंतू हे वातावरण सुताला अनुकूल होते, माणसाच्या फुप्फुसाला नव्हते. इमारतीचे सौंदर्य सांगताना हा भाग वगळला, तर ते अर्धेच सत्य होईल.

याच संदर्भात कायद्याची साले ध्यानात ठेवावीत. भारतातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता आणि सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली. सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे सात वर्षांच्या मुलाने नऊ तास काम करणे हे तेव्हा ‘सुधारणा’ म्हणून गणले गेले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची मागणी केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. प्रौढ पुरुषांचे तास मात्र १९११ पर्यंत मोकळेच राहिले. गोकाकची गिरणी सुरू झाली ती या दोन कायद्यांच्या मधल्या काळात.

कोल्हापूरची शाहू मिल : एक तुलना

निपाणीहून चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूर. तेथे २७ सप्टेंबर १९०६ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी कापड गिरणीची पायाभरणी केली. ‘श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल’ या नावाने ती ओळखली गेली. गोकाक आणि कोल्हापूर या दोन गिरण्यांमध्ये वीस वर्षांचे आणि काही किलोमीटरचे अंतर असले, तरी त्यांच्या जन्मामागची प्रेरणा वेगळी आहे. गोकाकला मुंबईच्या युरोपीय पेढीचे भांडवल धबधब्याच्या शोधात आले. कोल्हापुरात एका संस्थानिकाने आपल्या प्रजेला रोजगार मिळावा आणि राज्यात उद्योग रुजावा म्हणून गिरणी काढली. गोकाकची गिरणी पाणी जेथे पडते तेथे, गावापासून दूर गेली आणि तिच्याभोवती स्वतंत्र वसाहत वसली. कोल्हापूरची गिरणी शहरात राहिली, त्यामुळे तिचे उंच धुराडे शहराच्या क्षितिजाचा आणि तिचा भोंगा शहराच्या दिनक्रमाचा भाग झाला. शक्तीचा उगम बदलला की इमारतीचा आकार, जागा आणि माणसांशी असलेले तिचे नातेही कसे बदलते, हे या दोन उदाहरणांतून विद्यार्थ्यांना सहज दाखविता येते.

शाहू मिल २००३ साली बंद पडली. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त २०२२ च्या मे महिन्यात तिच्याच आवारात कृतज्ञता पर्वाचे कार्यक्रम झाले आणि हजारो लोकांनी ती दगडी वास्तू प्रथमच आतून पाहिली. बंद गिरणी ही केवळ मोकळी जमीन नसते, हे त्या दिवसांत कोल्हापूरने अनुभवले.

शब्दांचा पुरावा

भाषेच्या अध्यापकांसाठी गिरणी ही एक खाणच आहे. गिरणीतील मराठी बोली तपासली तर तिच्यात सर्व काळांचे थर सापडतात. ‘कारखाना’, ‘कारीगर’ आणि ‘मजूर’ हे शब्द फारसीतून आले. ‘मुकादम’, ‘हजेरी’ आणि ‘बदली’ यांची मुळे अरबीत आहेत. ‘पगार’ पोर्तुगीजांनी दिला. ‘जॉबर’, ‘मस्टर’, ‘बॉबिन’ हे इंग्रजीतून उतरले. ‘पाळी’, ‘साचा’, ‘चाती’, ‘कांडी’ हे आपले घरचे. एका हजेरीपटाच्या ओळीत दोन खंडांचा इतिहास बसलेला असतो.

यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. यंत्राच्या भागांची नावे बहुधा इंग्रजी आहेत, परंतु माणसांच्या हुद्द्यांची आणि कामाच्या व्यवहाराची नावे बरीचशी त्याआधीची आहेत. म्हणजे यंत्र परदेशातून आले, पण त्यावर माणसे लावण्याची व्यवस्था मात्र आपल्याच जुन्या कारखान्यांतून आणि फौजेतून उचलली गेली. मुकादमाने आपल्या गावची, आपल्या नात्याची माणसे भरावयाची आणि त्यांच्यावर हुकमत ठेवावयाची ही रीत सुताच्या धाग्याइतकीच जुनी होती. उर्दू, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषांत यांपैकी कितीतरी शब्द थोड्याफार फरकाने एकच आहेत. सीमाभागातील विद्यार्थ्याला आपापसातील भाषिक नाते समजावून सांगण्यास याहून चांगला शब्दसंग्रह मिळणे कठीण.

गिरणी आणि हातमाग यांच्या नात्याविषयीही एक गैरसमज दूर करावयास हवा. गिरणीने विणकराला मारले असे सरसकट म्हटले जाते. गिरणीच्या सुताने प्रथम संपविली ती हातकताई. घरोघरी चरख्यावर सूत काढून चार पैसे मिळविणाऱ्या स्त्रियांचा धंदा बसला. विणकराला मात्र तेच गिरणीचे सूत स्वस्त आणि एकसारखे मिळू लागले, म्हणून हातमाग पुढे कित्येक दशके तगला. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव आणि भिवंडी येथे माग उभारले. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. या सर्वांच्या मागे गिरणीचे सूत होते. ज्या गिरणीला आपण विणकराची वैरीण समजतो, तिचाच धागा त्याच्या ताण्याबाण्यात होता.

जतनाचा प्रश्न

मुंबईतील १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गिरणगावच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. धुराडी पडली, खाती पाडली गेली आणि भंगारात ओतीव लोखंडाचे खांब किलोच्या भावाने गेले. याउलट स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क आणि इंग्लंडमधील डर्वेंट खोरे (ज्यात क्रॉमफर्डची गिरणी येते) यांना युनेस्कोने २००१ साली जागतिक वारसा यादीत स्थान दिले. दोन्ही ठिकाणच्या गिरण्या पाण्यावर चालणाऱ्या होत्या, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. गोकाक त्याच घराण्यातील आहे. धबधबा, घळीतील शक्तिकेंद्र, पठारावरील गिरणी, कामगारांची वसाहत, झुलता पूल, वरच्या अंगाचा बंधारा आणि शेजारची प्राचीन मंदिरे असा संपूर्ण संच एका दृष्टिक्षेपात सापडणे हे आपल्या देशात दुर्मीळ आहे. यांपैकी एखादीच वस्तू सुटी काढून तिच्यावर पाटी लावली, तर उरलेल्यांचा अर्थ हरवेल.

सरकार काय करील यावर आपले नियंत्रण नाही. परंतु अध्यापकांच्या हातात काही गोष्टी निश्चित आहेत. व्यवस्थापनाची रीतसर परवानगी घेऊन विद्यार्थ्यांकडून इमारतीच्या बाह्य भागाची मोजमापे, आराखडे आणि छायाचित्रे करवून घेता येतील. दगडावर कोरलेली साले, यंत्रांवरील निर्मात्यांची नावे, विटांवरील ठसे टिपता येतील. निवृत्त कामगारांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करता येतील. त्या कन्नडमध्ये असतील, दखनीत असतील किंवा मराठीत. घरातील जुने पासबुक, हजेरीचे कार्ड, युनियनची पावती हे सारे ऐतिहासिक साधन आहे, हे विद्यार्थ्याला एकदा पटले की तो रद्दीकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, शहापूरचे माग, हुबळी-धारवाडच्या कापूस-वखारी यांचीही अशीच नोंद व्हावयास हवी.

समारोप

उपरोक्त विवेचनातून तीन निष्कर्ष हाती येतात. एक, गोकाकची गिरणी ही जलशक्तीच्या शोधातून जन्मली आणि तिचे मूळ वैशिष्ट्य वीज नसून पडत्या पाण्याचा यांत्रिक उपयोग हे आहे. दोन, गिरणीची वास्तू हा कोरडा उपयुक्ततावाद नसून प्रकाश, हवा, वजन, आग आणि माणसाचे श्रम यांचा दगड-लोखंडात मांडलेला हिशेब आहे. तीन, या वास्तूचा वारसा कोणत्याही एका भाषेचा वा समाजाचा नाही. तिचे भांडवल स्कॉटिश पेढीचे, तिचे पाणी सह्याद्रीचे, तिचा कापूस काळ्या रानातला आणि तिचे श्रम या सीमाभागातील सर्व घरांचे आहेत.

बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला, राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले, शहराचे अधिकृत नाव २०१४ मध्ये बेळगावी झाले. या सगळ्या बदलांत घटप्रभा त्याच कड्यावरून पडत राहिली. ज्यांनी तिच्या पाण्याच्या बळावर सूत काढले, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. ती हजेरीपटांत आहेत, आणि हजेरीपटाचा कागद दगडाइतका टिकत नाही. म्हणून हे काम पुढच्या पिढीवर सोडण्याजोगे नाही.